मंद उजेडात रेंजफाइंडरही उपयोगी

महोदय,

अंधुक प्रकाशातील छायाचित्रणासाठी डीएसएलआर (लेन्समधले दृश्य आरशाने डोळ्यापर्यंत पोहोचवणारा डिजिटल कॅमेरा) हाच हवा, हा समज मला अर्धवट वाटतो. डीएसएलआरमध्ये चित्र टिपताना आतला आरसा उचलला जातो. त्याचा हादरा १/१५ सेकंदासारख्या संथ शटरवेगाला जाणवतो आणि नेमक्या त्याच क्षणी डोळ्यासमोर काळोख होतो. रेंजफाइंडर या प्रकारच्या कॅमेऱ्याला आरसाच नसतो. १९५४ साली आलेल्या लायका एम३ सारख्या कॅमेऱ्यात दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस साधतात. दृश्य लेन्समधून नव्हे, तर वेगळ्या खिडकीतून दिसते, त्यामुळे कोणतीही लेन्स लावली तरी ते तितकेच उजळ राहते.

पहाटेच्या काकडआरतीला निरांजनाच्या उजेडात माझ्या डीएसएलआरची लेन्स फोकस शोधत नुसती पुढेमागे फिरत राहिली. जुन्या रेंजफाइंडरवर मात्र ज्योतीची कड जुळताच बटण दाबता आले, आणि शेजारच्या आजींना पत्ताही लागला नाही. अर्थात, १३५ मिलिमीटरपेक्षा लांब पल्ल्याच्या लेन्सवर रेंजफाइंडरची मात्रा सहसा चालत नाही. नाट्यगृहाच्या मागच्या रांगेतून टिपायचे, तर वाढीव आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि कंपनरोधक लेन्स असलेला डीएसएलआरच बरा.

जुना रेंजफाइंडर घेणाऱ्यांनी दूरच्या दिव्याच्या दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळतात का, हे दुकानातच पाहावे. मी पाहिले नाही, आणि पहिला अख्खा रोल वाया गेला.

– एक हौशी छायाचित्रकार, सातारा