सुनंदास पत्र : बटाट्याचा करपा आणि आयर्लंड

डब्लिन

प्रिय सुनंदा,

सातगाव पठारावर यंदाही करपा उतरला आणि फवारण्यांवर फवारण्या करून तू अर्धा माल वाचवलास, हे वाचून जीव भांड्यात पडला. पत्राच्या शेवटी तू विचारलंयस की एवढ्या हिरव्यागार, बारमाही पावसाच्या देशातली माणसं उपाशी का मेली आणि देश सोडून का गेली. हा प्रश्न इथे आल्यापासून माझाही पिच्छा सोडत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी रोगाचं, कारण ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. १८४५ च्या सप्टेंबरात इथल्या बटाट्यावर पडला तो तुझाच उशिरा येणारा करपा. तोच बुरशीसारखा जीव. ढगाळ, दमट हवा, पानावर काळपट ओले डाग, सकाळी पान उलटून पाहिलं की पांढरी लव, आणि बघता बघता सगळं रान झोपलेलं. वरून धड दिसणारा बटाटा काढून खड्ड्यात साठवावा, तर थोड्याच दिवसांत त्याचा काळा चिखल व्हायचा आणि वास गावभर पसरायचा. तुझ्या हाताशी मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक तरी आहे. मोरचूद-चुन्याचं बोर्दो मिश्रणसुद्धा निघालं ते १८८० च्या दशकात, तेही द्राक्षांसाठी. त्यात गरिबांच्या रानात सगळीकडे 'लम्पर' ही एकच जात. डोळे कापून लावायची, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रक्ताचं पीक. एक झाड बळी पडलं की सगळी पडणार.

पण एकट्या बटाट्यावर का राहिली ही माणसं? तिथेच सगळी मेख आहे. जमीन मोठ्या जमीनदारांची, त्यातले कितीतरी इंग्लंडात राहणारे. मधे खंडाने जमीन घेऊन पुढे तुकडे पाडून देणारे दलाल, आणि सगळ्यात खाली एखाद्या एकराच्या तुकड्यावर झोपडी बांधून राहणारं कूळ. पिकवलेले ओट आणि पाळलेलं डुक्कर खंडात जायचं. पोट भरायचं ते बटाट्यावर आणि मिळालं तर ताकावर. राबणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा. एवढ्याशा जागेत घरदार जगवणारं दुसरं पीक नव्हतं.

१८४५ ला निम्म्याच्या आसपास पीक गेलं, १८४६ ला जवळजवळ सगळं. १८४७ ला रोग फारसा आला नाही, पण लोकांनी बेणंच खाऊन टाकलं होतं, त्यामुळे लागवड नावापुरती. १८४८ ला करपा पुन्हा आला. 

सरकारने काय केलं ते वाचताना माझा संताप होतो. ब्रिटिश पंतप्रधान पील यांनी सुरुवातीला अमेरिकेतून मका आणवला. त्यांच्यानंतरच्या सरकारात सूत्रं होती खजिन्यातल्या चार्ल्स ट्रेव्हेलियन या अधिकाऱ्याकडे. बाजारात ढवळाढवळ करायची नाही हा त्याचा हेका, आणि दुष्काळ ही देवाने घालून दिलेली शिस्त आहे हा त्याचा विश्वास. उपाशी माणसांना थंडीत खडी फोडायला लावली, मजुरी अशी की तिच्यात घरादाराचं पोट भरू नये. बंदरांतून ओट, लोणी, गुरं बाहेर जात राहिली. १८४७ ला बाहेरून आलेलं धान्य गेलेल्यापेक्षा जास्त होतं हे खरं, पण ते विकत घ्यायला पैसा कुणाकडे होता? त्या उन्हाळ्यात सरकारने सूपकेंद्रं उघडली आणि जुलैत रोज ३० लाख लोकांना जेवण पोचलं. म्हणजे करता येत होतं! आणि शरद ऋतू लागताच ती बंद करून टाकली.

याच ट्रेव्हेलियनला पुढे, १८५९ मध्ये, मद्रासचा गव्हर्नर करून पाठवलं. आणि १८७६-७८ च्या आपल्याकडच्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने मजुरांचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं, ते याच विचारसरणीतून. त्याविरुद्ध पुण्याची सार्वजनिक सभा उभी राहिली, हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो आणि विसरलो.

आता लोक गेले का, ते सांगते. जून १८४७ मध्ये कायदा झाला की पाव एकराहून जास्त जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला सरकारी मदत नाही. म्हणजे जमीन सोड, मग खायला देतो. शिवाय लहान कुळांवरचा मदत-कर जमीनदाराला भरावा लागायचा, त्यामुळे कूळ हाकलणं त्याच्या फायद्याचं झालं. तुळया काढून छप्पर पाडायचे, म्हणजे माणसं परत येऊन राहू नयेत.

मी रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाउनला जाऊन आले. तिथला वाडा आता दुष्काळाचं संग्रहालय आहे. मालक मेजर डेनिस मॅहन याच्या कारभाऱ्याने हिशेब मांडला होता : कुळांना सरकारी गरीबगृहात पोसण्यापेक्षा जहाजाचं भाडं स्वस्त पडतं. आदल्याच वर्षी, ऑगस्ट १८४६ मध्ये, क्लूनाही गावच्या कुळांनी काम आणि अन्न मागणारा अर्ज केला होता. १८४७ मध्ये मॅहनच्या जमिनीवरची १४९० माणसं घरदार सोडून निघाली, कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत दीडशेहून जास्त किलोमीटर चालत, तिथून लिव्हरपूल आणि पुढे कॅनडा. कॅनडाच का, तर इमारती लाकूड आणणारी जहाजं परतताना रिकामी जायची, भाडं कमी. त्यातल्या 'व्हर्जिनियस'वर ४७६ प्रवासी होते, वाटेतच १५८ मेले. टायफसच्या तापाने. या जहाजांना इथे शवपेटी-जहाजं म्हणतात. मॅहनला त्याच वर्षी नोव्हेंबरात कुणीतरी गोळी घातली.

त्या कालव्याच्या वाटेवर ठिकठिकाणी कांस्याचे लहान मुलांचे जोडे बसवलेत. एका जुन्या झोपडीच्या गवती छपरात बांधून ठेवलेले जोडे सापडले, त्यांच्यावरून केलेले. नाडी ओढून गाठ मारलेली दिसते. मी वाकून हात लावला आणि बराच वेळ उठवलं नाही.

क्विबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर जहाजं तपासणीसाठी थांबवायचे. १८४७ च्या एका हंगामात तिथे पाच हजारांहून जास्त माणसं पुरली. पोरकी झालेली कितीतरी मुलं फ्रेंच बोलणाऱ्या कॅनेडियन कुटुंबांनी घरी नेली. स्ट्रोक्सटाउनहून गेलेल्या डॅनियल आणि कॅथरिन टाय या भावंडांना तसंच एक घर मिळालं.

१८४१ ला आयर्लंड बेटाची लोकसंख्या ८२ लाखांच्या आसपास होती, १८५१ ला ६५ लाख. सुमारे दहा लाख मेले, त्याहून जास्त निघून गेले. आणि ओघ थांबला नाही. न्यूयॉर्क-बॉस्टनला मोलकरीण म्हणून राबणारी थोरली बहीण तिकिटाचे पैसे पाठवायची, मग धाकटी निघायची, मग भाऊ. निघायच्या आदल्या रात्री घरी लोक जमायचे, गायचे, नाचायचे आणि मयताला रडावं तसं रडायचे, कारण तिकडे गेलेलं माणूस पुन्हा दिसत नसे. आजही अख्ख्या बेटाची लोकसंख्या १८४१ च्या आकड्याला पोचलेली नाही.

मायकेल डॅव्हिटची गोष्ट तुला आवडेल. आयर्लंडच्या मेयो परगण्यातलं त्याचं घर १८५० मध्ये पाडलं, कुटुंब इंग्लंडातल्या लँकेशायरला गेलं, तिथे गिरणीत लहानपणीच त्याचा उजवा हात गेला. त्याच डॅव्हिटने १८७९ मध्ये जमीन-संघ उभा केला, आणि पुढे १९०३ च्या कायद्याने कुळं मोठ्या संख्येने मालक होऊ लागली. तुझ्या आजोबांचं नाव कूळकायद्याने सातबाऱ्यावर लागलं तेव्हा त्यांनी गावजेवण घातलं होतं ना? मी म्हणूनच सांगतेय, करपा तुझ्या रानातही येतो, पण तू दुसऱ्या दिवशी त्याच रानात उभी असतेस. क्लूनाहीच्या बाईला ते करता आलं नाही.

एक विचारायचं राहिलं. जालंधरहून बेणं येतं ते अजून सगळं कुफरी ज्योतीच का? दुसरी एखादी जात थोड्या रानात लावून बघ आणि कृषी विज्ञान केंद्रात विचारून मला कळव. साठवणीसाठी बटाट्याची आरण लावलीस की फोटोही पाठव. काकूंना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी,
वैशाली