अण्णांच्या कागदांविषयी, आई-बाबांना

ती. आई-बाबा,

सा. न.

अण्णांवर छोटी पुस्तिका काढायचं ठरलंच आहे, तर कामाला हात घालण्याआधी थोडं सविस्तर लिहिते. ते घरासाठी आणि शाळेसाठी किती झटले हे सगळेच सांगतील. कसं शिकवायचे आणि एका पगारात एवढं घर कसं चालवायचे, हे मात्र त्यांच्या पाठाच्या टाचणांत, तपासलेल्या वह्यांत, घरखर्चाच्या डायरीत आणि आजीला लिहिलेल्या पोस्टकार्डांत आहे. पुस्तिका त्यावरच उभी राहावी असं मला मनापासून वाटतं.

गठ्ठे सोडताना रबरबँड ओढू नका. जुनं रबर चिकट होऊन कागदाला धरतं आणि ओढलं की शाईसकट पापुद्रा निघतो. कात्रीने कापा, चिकटलेला तुकडा राहू द्या. गंजलेली स्टेपलरची पिन काढताना तिच्याखाली जाड कागदाची पट्टी सरकवा, मागचे पाय सरळ करा, मगच उचला. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, त्याचा डिंक पिवळा पडून आत झिरपतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, एकदा तापवून चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

स्कॅन सगळं रंगीतच करायचं, हे दुकानदाराला बजावून सांगा. अण्णा चूक खोडत नसत, चुकलेल्या अक्षराखाली फक्त लाल टिंब देत. ‘फूल’ बरोबर लिहिणाऱ्या मुलाने पुढे ‘फूलाला’ लिहिलं की ‘फू’खाली टिंब. सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना, उपान्त्य (शेवटून दुसरं) अक्षर ऱ्हस्व होतं हे त्याने स्वतः शोधायचं, दुरुस्त करून आणायचं, मग शेजारी बरोबरची खूण. कृष्णधवल प्रतीत ते टिंब शाईचा डाग वाटेल आणि त्यांची सगळी पद्धतच दिसेनाशी होईल. कागदांना ३०० डीपीआय (स्कॅनच्या बारकाईचं माप) पुरे, लहान फोटोंना ६००. मोबाइलवर घ्यायचं झालं तर खिडकीपाशी, पण थेट उन्हात नको. फ्लॅश बंद आणि फोन पानाला समांतर, नाहीतर ओळी एका बाजूला निमुळत्या येतात.

मजकूर टाइप करणारा ‘नांव’, ‘कांहीं’, ‘तें’ यांवरचे अनुस्वार हमखास काढून टाकेल. काढू देऊ नका. साहित्य महामंडळाचे १४ शुद्धलेखन नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ जोडले गेले. उच्चारात नसलेले अनुस्वार त्या नियमांनी गेले, म्हणून तारीख नसलेल्या टाचणाचा काळ त्यावरून ढोबळ ओळखता येतो. ढोबळच, कारण हाताला पडलेलं वळण नियम बदलला म्हणून लगेच जात नाही. भाषेच्या शिक्षकाचं लेखन आपण ‘सुधारून’ छापावं, हे मला पटतच नाही.

जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि घरात सांगतात ती दुसरी, असं जुन्या पिढीत पुष्कळदा असतं. दोन्ही द्या. नोकरीच्या तारखा सेवापुस्तकावरूनच घ्या. विद्यार्थ्यांचे गुण आणि नावं मात्र छापायची नाहीत. आजीला लिहिलेल्या पत्रांपैकी कुठली बाहेर जावीत हे बाबा, तुम्ही आणि आत्यांनी मिळून ठरवा.

आठवणी सांगणाऱ्यांना ‘अण्णा कसे होते?’ असं विचारलं की ‘फार प्रेमळ, शिस्तीचे’ एवढंच उत्तर येतं. ‘शाळेतून आल्यावर आधी काय करत?’, ‘वह्या कुठे बसून तपासत?’, ‘घरात कुणी चुकीचं बोललं तर काय म्हणत?’ असं विचारा. विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवलेली आणि आजही उपयोगी पडणारी एकच गोष्ट विचारा. दोघांना एकत्र बसवू नका, पहिल्याने सांगितलं की दुसरा नुसती मान डोलावतो. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर आणि घडी घातलेल्या रुमालावर ठेवा, म्हणजे टेबलाची खडखड येत नाही. पाऊण तासाच्या वर एका बैठकीत नको, सांगणारा थकतो. सुरुवातीला तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव बोलून घ्या.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग विषय. वर्ष नक्की नसेल तर ‘अंदाजे’ लिहा. सगळ्याच्या तीन प्रती ठेवू, त्यातली एक माझ्याकडे.

कागद आणखी महिनाभर थांबतील, पण मोठ्या आत्यांचं रेकॉर्डिंग याच आठवड्यात करा. अण्णांची नोकरीची सुरुवातीची वर्षं पाहिलेल्या आता त्या एकट्याच आहेत. सकाळी त्यांचा आवाज चांगला असतो, तेव्हाच बसा.

तुमची,
ताई