गोदामाच्या दारातील फटीकडे कोण पाहणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भिवंडीच्या गोदामांविषयी वृत्तपत्रांत अधूनमधून लिहून येते, परंतु ते बहुधा आगीबद्दल, वाहतूक कोंडीबद्दल किंवा अनधिकृत बांधकामांबद्दल असते. गोदामाच्या आत माल कसा हलतो आणि तो हलवणाऱ्या माणसाचे काय होते, याची चर्चा क्वचितच होते. गेली 22 वर्षे मी मानकोली आणि दापोडे परिसरात गोदाम व्यवस्थापनाचे काम करीत आहे. त्या अनुभवावरून एकाच जागेकडे लक्ष वेधू इच्छितो. गाडी ओट्याला लागून तिचा मागचा फाळका उघडला की गाडीचा तळ आणि गोदामाचा ओटा यांच्यामध्ये जी फट उरते, ती ही जागा.

येथील जुने गाळे मुंबईच्या जकातीच्या काळात, जकात नाक्याच्या अलीकडे माल ठेवता यावा म्हणून उभे राहिले. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, जकात संपली आणि कंपन्यांनी ठिकठिकाणचा माल मोठ्या गोदामांत एकत्र आणला. त्याबरोबर उंच रॅक आले, रॅकमधल्या अरुंद गल्लीत वळून उंचावरचा माल काढणारी रीच ट्रक नावाची यंत्रे आली, प्रत्येक खोक्याचा हिशेब ठेवणारे स्कॅनर आले. मात्र अनेक ठिकाणी गोदामाच्या दारात आजही त्या फटीवर एक लोखंडी पत्रा टाकलेला असतो आणि त्यावरून पाठीवर पोते घेतलेला माथाडी चालत असतो.

हा पत्रा धोकादायक का, हे गाडी खाली होताना शेजारी उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. भरलेली गाडी कमानींवर दबलेली असते आणि माल उतरत जाईल तशी ती वर उचलते, त्यामुळे सकाळी सपाट बसवलेला पत्रा तासाभरात तिरका होतो. शिवाय हँड पॅलेट (मालाची चौकट, म्हणजे पॅलेट, उचलून नेणारी हातगाडी) किंवा फोर्कलिफ्ट गाडीत जा-ये करू लागली की प्रत्येक धक्क्याने गाडी किंचित पुढे सरकते आणि फट रुंदावत जाते. चाकांना अडसर म्हणून गुटके लावलेले नसतील, तर हे सरकणे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात, मी तेव्हा ज्या गोदामात होतो तेथे, नेमके हेच घडले. सकाळपासून पाऊस होता आणि पत्र्यावर गोणपाट टाकले होते. साखरेचे पोते पाठीवर घेतलेला, पन्नाशी ओलांडलेला एक माथाडी पत्रा सरकताच मांडीपर्यंत फटीत गेला आणि पोते त्याच्या खांद्यावरून ओट्यावर आपटून फुटले. आम्ही चौघांनी त्याला वर काढले, तेव्हा तो पायाकडे न पाहता सांडलेल्या साखरेकडे पाहत होता, कारण नुकसान आपल्या टोळीच्या वाराईतून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीतून, कापले जाईल, ही भीती त्याला आधी वाटली. नडगीचे हाड मोडले होते. त्याच वर्षी त्या मालकांनी आतल्या कामासाठी नवा रीच ट्रक घेतला होता. दारात डॉक लेव्हलर बसवावा, अशी लेखी मागणी मी दोनदा केली होती. उत्तर आले नाही.

डॉक लेव्हलर म्हणजे ओट्यातच बसवलेले, हायड्रॉलिक दाबाने वर-खाली होणारे पोलादी पाते. त्याचे पुढचे टोक गाडीच्या तळावर टेकते आणि गाडी उचलेल तसे पातेही उचलते. त्याचा कामावर होणारा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. 16 टन मालाची 50 किलोची 320 पोती होतात, म्हणजे पाठीवरून 320 खेपा. गाडीतच पोती पॅलेटवर रचली आणि एका पॅलेटवर 20 ठेवली, तर हँड पॅलेटच्या 16 खेपांत गाडी रिकामी होते. पोते उचलावे लागतेच, पण ते घेऊन थप्पीपर्यंत चालावे लागत नाही. ठाण्यातून अवजड वाहनांना ठरावीक वेळीच सोडले जात असल्याने आमच्या दारात गाड्या एकदम येतात आणि मग तासन्‌तास रांगेत उभ्या राहतात, त्या रांगेवरही याचा थेट परिणाम होतो.

टोळ्यांचा अशा यंत्रांना विरोध असतो, असे मालक सांगतात. ते अर्धेच खरे आहे. वाराई टनावर किंवा नगावर मिळते आणि पॅलेट आले की दर कापला जाईल, ही टोळीची धास्ती अनुभवातून आलेली आहे. मी स्वतः एका मुकादमाशी बोलून, टनाचा दर तोच ठेवण्याचे मालकांकडून लिहून घेतले. त्यानंतर त्याच टोळीने हँड पॅलेट आपणहून मागून घेतले.

1969 च्या माथाडी कायद्याच्या उद्दिष्टांतच आरोग्य आणि सुरक्षितता यांचा उल्लेख आहे. त्या आधारे माथाडी मंडळांनी नोंदीत गोदामांच्या दारांची पाहणी करावी. भिवंडी परिसरातील गावांसाठी नियोजन प्राधिकरण असलेल्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) नव्या गोदामाला भोगवटा दाखला देताना ओट्याची उंची आणि लेव्हलरची सोय तपासावी. तोपर्यंत दोन गोष्टी प्रत्येक मालकाला विनाखर्च उद्यापासून करता येतील. गाडी लागताच चाकांना लाकडी गुटके लावावेत आणि गाडीची चावी माल उतरून होईपर्यंत गोदामाच्या टेबलावर ठेवून घ्यावी. काम संपले असे समजून चालकाने गाडी पुढे काढली आणि हँड पॅलेटसह माणूस खाली आला, हेही मी पाहिले आहे. आमच्या गोदामात आता चावीसाठी टेबलावर खिळ्यांची फळी आहे आणि चावी लटकल्याशिवाय मी फाळका उघडू देत नाही.

आपला विश्वासू,
एक गोदाम व्यवस्थापक, भिवंडी, जि. ठाणे