कोपीतले बाळंतपण आणि न रडणारे लेकरू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालना, परभणीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा त्यांत सहा-सात महिन्यांच्या गरोदर बायकाही असतात, कारण मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) नवरा-बायकोच्या जोडीच्या नावावर असते आणि एकट्या नवऱ्याला पुरा कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, धरत नाहीत. महाराष्ट्रात आता शंभरातली सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात, हे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलेले आहे. उरलेल्यांपैकी काही उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, प्रशिक्षित माणूस जवळ नसताना होतात. मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात बरीच वर्षे परिचारिका होते, म्हणून हे लिहीत आहे.

बाळंतपणानंतर गर्भाशय नीट आवळले नाही, तर रक्तस्रावाने दोन तासांच्या आतसुद्धा बाई दगावू शकते. दवाखान्यात बाळ जन्मल्यावर लगेच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, त्याने हा धोका पुष्कळ कमी होतो. कोपीत ते कोण देणार? एवढे तरी आता घरोघरी समजू लागले आहे. पण बाळ सुखरूप बाहेर आले आणि वार पडली, की सगळ्यांना सुटल्यासारखे वाटते, आणि लेकराच्या पोटात दूध जाते आहे की नाही, याकडे कुणाचेच लक्ष राहत नाही.

एका संध्याकाळी फडावरून परतलेली अशीच एक बाळंतीण सासूबरोबर माझ्याकडे आली. बाळ तीन दिवसांचे होते. सासू कौतुकाने म्हणाली, "लई गुणाचं लेकरू हाय बाई, रडतच न्हाई." मी दुपटे सोडले, तर ते कोरडे होते, सकाळपासून शू झालेली नव्हती. ओठ सुकलेले, अंग पिवळट, तळव्याला टिचकी मारली तरी डोळा उघडेना. वजन १,९०० ग्रॅम भरले. चीक, म्हणजे आईचे पहिले घट्ट दूध, "खराब" म्हणून पिळून टाकला होता आणि बोळ्याने गूळपाणी दिले जात होते. ते लेकरू गुणाचे नव्हते. त्याच्या अंगात रडण्याचेही त्राण उरले नव्हते. आईला दूध काढायला शिकवून, ते वाटी-चमच्याने थेंब थेंब पाजून, बाळ तिच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून आम्ही त्याला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात पाठवले. ते वाचले.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ अनेकदा जमत नाही. ते दोन घोट घेते, थकते, झोपते. पोटात दूध नाही म्हणून रक्तातली साखर उतरते आणि त्यामुळे ते आणखी सुस्तावते. म्हणून पहिल्या तासातच त्याला अंगावर घ्यावे, चीक वाया घालवू नये, दोन-तीन तासांनी उठवून पाजावे, आणि चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिवसातून सहा वेळा तरी शू होते का, हे मोजावे. मध, गूळपाणी, घुटी यांतले काहीही देऊ नये.

हे सांगायला आशाताई आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत घडवली, तीच पुढे देशभर आशांच्या कामात आली. बाळंतपण घरी झाले, तर पहिल्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सात भेटी ठरलेल्या आहेत. पण बाईचे नाव बीडच्या गावातल्या यादीत आणि बाई कारखान्याच्या तळावर असेल, तर गावची आशा पोचू शकत नाही आणि तळाजवळच्या आशेला तिची खबर नसते.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. टोळी निघण्यापूर्वी गावच्या आशेने गरोदर बायकांची नावे, त्यांची अपेक्षित तारीख आणि मुकादमाचा फोन नंबर कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावा, कारखान्याने टोळी कुठे उतरली ते त्या केंद्राला सांगावे, आणि कळा सुरू होताच १०२ किंवा १०८ला फोन करण्याची जबाबदारी मुकादमावर लेखी टाकावी. त्या दिवसाचा आणि बाळंतिणीच्या पुढच्या दिवसांचा खाडा मात्र जोडीच्या उचलीतून कापू नये, कारण त्या कापणीच्या भीतीनेच बायका कळा अंगावर काढतात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, जि. बीड