डॉक्टरबाई, त्या वहीसाठी तुमचे आभार

आदरणीय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या खोलीतून निघताना आभार मानायचे राहूनच गेले. डोळे भरून आले होते, तोंडातून शब्द फुटेना. म्हणून हे पत्र. ते चारचौघांना वाचता यावं असंच लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या कंबर धरून बसलेल्या बायका गिरगावातल्या चाळीचाळींत आहेत.

मी ७२ वर्षांची. उभा जन्म पालिकेच्या शाळेत फळ्यापुढे उभं राहून गेला. गेली चार वर्षं मात्र दोन भाकऱ्या थापून झाल्या की ओट्याशी उभं राहवत नव्हतं. तिसरी तव्यावर टाकायची आणि स्टुलावर बसायचं, ती करपायला लागली की कण्हत उठायचं. सून नोकरीवर जाणारी, तिला काय सांगणार? तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं तर मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

इलाज केले नाहीत असं नाही. एका ठिकाणी एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरून पाच मिनिटांत सांगितलं, स्क्रू बसवावे लागतील. दुसरीकडे म्हणाले, वय झालं आजी, आता असंच चालायचं. दोन्हीकडे माझ्या पाठीला कुणी हात लावला नाही. तुम्ही लावलात. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत आलात, मागे वाकायला लावलंत, आणि मी ओरडले तिथेच थांबलात. पायातली ताकद पाहिलीत, लघवीवर ताबा आहे ना, कधी पडलात का, हेही विचारलंत. मग म्हणालात, ‘या वयात काही दुखत नसलेल्या माणसाच्या फिल्ममध्येही झीज दिसते. आपण फिल्मवर इलाज करायचा नाही.’ मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे फॅसेट सांधे असतात आणि ते गुडघ्यासारखेच झिजतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता त्या वहीबद्दल. तुम्ही आधी नुसतं बधिर करण्याचं औषध सांध्याचं दुखणं मेंदूपर्यंत नेणाऱ्या बारीक नसांपाशी सोडलंत आणि सांगितलंत, दर तासाला दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. गुण देण्याची सवय जन्माची, मी मुकाट्याने लिहीत गेले. सकाळी ८ गुण. इंजेक्शननंतर २. दुपारीही २च. मी आनंदाने ओट्याशी उभी राहून पाहिलं, काही नाही! आणि रात्री परत ७. उशीत तोंड घालून रडले. सकाळी रागानेच तुम्हाला फोन केला की तुमचं इंजेक्शन वाया गेलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘आजी, मला हेच हवं होतं. औषधाचा अंमल होता तोवर दुखणं गेलं, अंमल उतरला तसं परत आलं. म्हणजे चोर याच नसेत आहे.’ दुसऱ्यांदा तीच परीक्षा घेतलीत, तेच उत्तर आलं, आणि मगच पुढचं पाऊल टाकलंत. ही सबुरी मला फार मोठी वाटते.

रेडिओफ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे ती दुखरी नस सुईच्या टोकाने तापवून बंद करायच्या दिवशी मी घाबरले होते. पोटाखाली उशी, पालथी पडलेली, वर ते सी-आर्मचं एक्स-रे यंत्र. भूल फक्त जागेपुरती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. नस तापवण्याआधी तुम्ही पुन्हापुन्हा विचारत होतात, ‘पायात झटका येतोय? मांडीत काही?’ पायाच्या नसेला धक्का लागू नये म्हणून ते विचारणं, हे आता समजतं. मग सुईचं टोक ८० अंशांपर्यंत, एकेका जागी मिनिट-दीड मिनिट. तेवढा वेळ तुमच्या सिस्टरांनी माझा हात धरून ठेवला होता. त्यांचा हात गार होता आणि त्या जराही हलल्या नाहीत. त्यांनाही माझा नमस्कार सांगा. संध्याकाळी मी घरी होते, टाका एकही नाही.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. तुम्ही मला खोटी आशा दाखवली नाहीत. आधीच सांगितलंत की पहिले आठ-दहा दिवस पाठ ठणकेल, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. नस पुन्हा वाढते, त्यामुळे सहा महिन्यांनी, वर्षाने दुखणं परत येऊ शकतं, तेव्हा पुन्हा करता येईल. सगळ्यांच्याच कंबरदुखीला हे लागू पडत नाही. रक्त पातळ करणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हेही बजावलंत. आणि दुखणं कमी असेल त्या काळात व्यायाम करून पाठ बळकट करायची, नाहीतर हा वेळ फुकट जाईल. तुमच्या फिजिओथेरपिस्टनी शिकवलेला पाठीवर झोपून कंबर उचलायचा व्यायाम रोज सकाळी करते, दहा-दहा वेळा.

काल ज्वारीच्या सहा भाकऱ्या एका दमात थापल्या. नातू जेवायला बसला होता, त्याला गरम वाढली. मग जिन्याचा कठडा धरून खाली उतरले आणि ठाकूरद्वारच्या नाक्यावरून मेथीची जुडी घेऊन आले. वहीत काल रात्री १ लिहिला आहे. तपासणीला येताना वही घेऊन येते.

तुमची,
गिरगावच्या तिसऱ्या मजल्यावरची आजी