शेणावरच्या छत्रीत औषध शोधू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘मॅजिक मशरूम’नं नैराश्य बरं होतं, असं सांगणारे व्हिडिओ गावोगावच्या मोबाईलवर फिरत आहेत. पाऊस पडला की उकिरड्यावर अन् गोठ्यामागं छत्र्या उगवतातच, त्यामुळं ‘औषध तर दारातच आहे’ असं वाटायला वेळ लागत नाही. या व्हिडिओंत मुख्य भागच गाळलेला असतो.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २३३ रुग्ण होते. त्यांना कुणी छत्री खाऊ घातली नाही. प्रयोगशाळेत बनवलेलं सायलोसायबिन (मॅजिक मशरूममधला अंमल आणणारा घटक) २५, १० किंवा १ मिलिग्रॅम, तेही एकदाच दिलं. त्याआधी चालू गोळ्या हळूहळू बंद केल्या, भेटी घेतल्या. डोस दिल्यावर सहा-आठ तास प्रशिक्षित माणूस शेजारी बसून राहिला आणि नंतर पुन्हा बोलणं झालं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्यांना घेतलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमच्या गटात ३७ टक्के रुग्णांना ठळक उतार पडला, १ मिलिग्रॅमच्या गटात १८ टक्क्यांना. बारा आठवडे टिकलेला उतार मोठ्या डोसच्या गटातही २० टक्क्यांनाच. डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे त्रास नेहमीचे होते. आत्महत्येचे विचार तिन्ही गटांत काहींना आले. म्हणजे औषधात दम आहे, पण व्हिडिओत सांगतात तितका नाही.

मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील माझातेक लोकांतही ही अळंबी कुणी एकट्यानं खात नसे. रात्री, देव्हाऱ्यासमोर, पथ्य पाळून, मारिया साबिनासारखी जाणती बाई गात बसलेली असताना ती घेतली जाई. १९५७ साली अमेरिकन अळंबी-अभ्यासक वॉसन यांच्या लेखानं ते जगाला कळलं, बघ्यांची रीघ लागली आणि पुढं साबिनाबाईंचं घर जाळलं गेलं. ही परंपरा तिथली आहे. मेळघाटच्या भुमकाच्या (कोरकूंच्या पारंपरिक वैद्याच्या) नावावर ती खपवू नये.

उकिरड्यावरच्या छत्रीत ना माप, ना शेजारी माणूस. एकाच शेणाच्या ढिगावरच्या दोन छत्र्यांतही अंमल सारखा नसतो. गवतात उगवणाऱ्या, पुढं खालच्या पात्या हिरवट होणाऱ्या छत्रीनं एक ते तीन तासांत जबर उलट्या-जुलाब होतात. अमाटॉक्सिन हे यकृतावर घाला घालणारं विष असलेली छत्री याहून घातक: सहा ते बारा तास काहीच नाही, मग उलट्या-जुलाब, एखादा दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी. शिजवून हे विष जात नाही. लसूण किंवा चांदीचं नाणं काळं पडण्याची परीक्षा खोटी आहे. वारुळावरच्या सात्या नेमक्या ओळखणाऱ्या बायाही अनोळखी छत्रीला हात लावत नाहीत. चुकून खाल्लीच तर उरलेली छत्री कागदात गुंडाळून (प्लास्टिकमध्ये ती सडते), खाल्ल्याची वेळ लक्षात ठेवून थेट मोठा दवाखाना गाठावा, बरं वाटत असलं तरी. शिवाय १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार सायलोसायबिन बाळगणं गुन्हा आहे.

शेजारी बसणाऱ्या माणसाची सोय मात्र आपल्याकडं होऊ शकते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य प्रकल्पानं गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, दीड वर्षानं २७.२ टक्के. यात छत्री कुठंच नव्हती.

नैराश्याच्या साध्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ-दहा दिवसांत फरक दिसत नाही, वर सुरुवातीला मळमळतं, म्हणून त्या सोडल्या जातात. थोडं बरं वाटलं की कापूस वेचणीच्या घाईत फेरतपासणी बुडते आणि आजार उलटतो. उतार पडल्यावरही सहा-नऊ महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि बंद करायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीत चालतो. आपल्या दैनिकात कापूस-सोयाबीनच्या भावाची चौकट रोज येते; तिच्याखाली एका ओळीत तो छापता आला तर पाहावं.

— मानसिक आरोग्य कार्यकर्ते, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ