उंदरांच्या गाठी आणि स्वयंपाकाचे तेल

संपादक महाशय,

‘जास्त तेलामुळे स्तनाचा कर्करोग’ अशा मथळ्याच्या बातम्या आरोग्य पुरवण्यांत वरचेवर येतात. आधार बहुधा उंदरांवरील प्रयोगांचा असतो. प्रयोग खोटे नाहीत. पण त्यांचा अर्थ लावायचा तर आधी खाद्याचा तक्ता पाहावा लागतो, आणि बातमीत नेमका तोच गायब असतो.

स्निग्ध खाद्याने उंदरांत स्तनाच्या गाठी वाढतात, हे शिकागोच्या अल्बर्ट टॅनेनबॉम यांनी १९४२ मध्येच दाखवले होते. पुढे रूढ झालेली पद्धत अशी: स्प्रेग-डॉली जातीच्या, साधारण ५० दिवसांच्या मादीला डीएमबीए हे कर्करोगजनक रसायन तेलात विरघळवून नळीने एकदाच पोटात सोडायचे. त्यानंतर एका गटाच्या खाद्यात ५ टक्के मक्याचे तेल, दुसऱ्याच्या २० टक्के. दर आठवड्याला पोटाकडची कातडी बोटांनी चाचपून गाठी मोजायच्या. २० टक्केवाल्या गटात गाठी जास्त, आणि लवकरही. यात तेल रसायनानंतर येते, म्हणजे ते गाठीला खतपाणी घालते. बी पेरते ते रसायन.

खरी गोम कॅलरीत आहे. १०० ग्रॅम खाद्यातून १५ ग्रॅम स्टार्च काढून १५ ग्रॅम तेल घातले की ७५ कॅलरी वाढतात, कारण ग्रॅममागे तेलाच्या ९ आणि स्टार्चच्या ४. उंदीर साधारण कॅलरी बघून खातो. त्यामुळे तो कमी ग्रॅम खातो आणि त्याच्या वाट्याचे केसिन (दुधातले प्रथिन), क्षार, जीवनसत्त्वेही घटतात. आता फरक तेलाचा की कुपोषणाचा? म्हणून अदलाबदल वजनाने न करता कॅलरीने करावी लागते: १५ ग्रॅम तेलासाठी सुमारे ३४ ग्रॅम स्टार्च काढायचा. फिलाडेल्फियाच्या डेव्हिड क्रिचेव्हस्की यांच्या गटाने १९८०च्या दशकात कॅलरी ४० टक्के तोडल्या, तेव्हा खाद्यात तेलाचा टक्का चढा असूनही गाठी बऱ्याच घटल्या. दुसरी चूक साठवणीची: जास्त तेलाचे खाद्य पिंजऱ्यात दिवसेंदिवस पडून राहिले की खवट होते, उंदीर ते टाळतो आणि वजन उतरते. असे खाद्य शीतपेटीत ठेवून दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते.

तेल कोणते, यानेही निकाल फिरतो. कॅनडातील केनेथ कॅरोल यांच्या प्रयोगांत नुसत्या खोबरेल तेलाचा किंवा गाईच्या चरबीचा परिणाम फिका होता. पण १७ टक्के खोबरेलात ३ टक्के सूर्यफूल तेल मिसळताच तो २० टक्के सूर्यफूल तेलाइतका झाला. कारण लिनोलेइक आम्ल, तेलातले एक स्निग्ध आम्ल. खोबरेलात ते जेमतेम असते, सूर्यफूल-करडईत (त्याऐवजी ओलेइक हे दुसरे आम्ल जास्त असलेल्या नव्या ‘हाय ओलेइक’ वाणांचा अपवाद) भरपूर. माशांच्या तेलाने मात्र बऱ्याच प्रयोगांत गाठी घटल्या.

माणसांत चित्र पुसट आहे. अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या ४८,८३५ स्त्रियांवर सुमारे आठ वर्षे चाललेल्या चाचणीचा निकाल २००६ मध्ये आला. कमी स्निग्ध आहाराच्या गटात स्तनाचा कर्करोग ९ टक्क्यांनी कमी दिसला, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

तेव्हा पुढच्या अशा बातमीत कोणते तेल, एकूण कॅलरींपैकी किती टक्के, दोन्ही गटांचे वजन सारखे होते का आणि तेल रसायनाच्या आधी दिले की नंतर, एवढे तरी छापावे.

आपला,
एक वाचक